अकराव्या ठोशानंतरचा वळसा

गजा, तुझ्या क्लासची किल्ली आता माझ्याकडे आहे. तेराव्याच्या पंगती उठल्यावर वैशाली वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली, सोबत तुझी शिट्टी आणि पोरांच्या हजेरीची वही. "भावजी, रविवारी पोरं येतील. तुमीच बघा काय ता," एवढंच बोलल्या आणि पाण्याचे पेले उचलायला गेल्या.

"बघा काय ता" म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पुढच्या महिन्यात फेडरेशनची बेल्टची परीक्षा आहे. तुझी चोवीस पोरं पहिल्यांदाच तिला बसणार आहेत, कारण पालकांना आता शिक्क्याचं सर्टिफिकेट हवं आहे. परीक्षक मी. आणि तुझी पोरं जो काता करतात त्यात अकराव्या ठोशानंतर तो वळसा आहे, जो आपले मास्तर सोडले तर जगात कोणी घेत नाही. तो ठेवायचा की काढायचा, हे रविवारी सकाळी सातच्या आत मला ठरवायचं होतं. ठरवलं. पण ते सांगायच्या आधी जरा भांडून घेऊ दे. इतक्या वर्षांची सवय एकदम कशी सुटेल?

तू माझ्याहून एका वर्षाने सीनियर. वय एकच, शाळेतला बाक एकच, पण तू मास्तरांकडे नववीत गेलास आणि मी दहावीत. हे एक वर्ष तू मला जन्मभर ऐकवलंस. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा सांगितलंस, "जावई चांगला हाय, पण मना ज्युनियर हाय." मला ब्लॅक बेल्ट तुझ्या आधी मिळाला, फेडरेशनचं पंचाचं कार्ड मिळालं, शाळेत पी.टी.चा शिक्षक म्हणून नोकरी लागली, तरी ते एक वर्ष काही भरून निघालं नाही. त्या एका वर्षात मास्तरांचा क्लास कुठे भरायचा, हे मात्र मी तुला कधी विचारलं नाही. मी आलो तेव्हा तो नगरपालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात भरत होता. मला वाटलं, तिथेच भरत आला असेल.

मास्तर दिवसा कापडाच्या कारखान्यांत लूम दुरुस्त करणारे जॉबर आणि संध्याकाळी कराटेचे मास्तर. हाताला कायम ऑइलचा वास. ठोसा असा मारायचे की वाऱ्यानेच आपली मान मागे जायची. "तुम्हाला सेन्सेई म्हणू का, जपानीत गुरूला म्हणतात तसं?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "त्या नावानं मना बायको वळकायची न्हाय." ते स्वतः मुंबईच्या गोदीत एका खलाशाकडे शिकले होते आणि तो खलाशी जपानच्या कुठल्याशा बंदरात. पुढे फेडरेशनच्या फॉर्मात "गुरुपरंपरा" असा रकाना आला तेव्हा तू तो भरलास तो असा: मास्तर, त्यांच्याआधी बोटीवरचे साहेब, त्यांच्याआधी जपान. मी तो फॉर्म घेऊन ऑफिसात उभा होतो आणि पुढचा माणूस चष्मा काढून विचारत होता, "जपान म्हणजे कोण?"

काता म्हणजे काय हे तू तुझ्या आईला समजावून सांगितलंस तो दिवस आठवतो? काल्हेरच्या तुझ्या अंगणात भात वाळत घातलेलं आणि तू त्याच्या कडेने एकटाच हातपाय झाडतोयस.

"कुनाला मारतंस रं?" आईने विचारलं.

"आई, चारी बाजूनी मानसं आलीत. ती दिसत न्हाय फक्त."

"दिसत न्हाय त मारतंस कशाला? आधी कोंबड्या हाकल, भात खातान बघ."

मला आजवर काताची याहून चांगली व्याख्या कुठल्या शिबिरात मिळालेली नाही. न दिसणाऱ्या माणसांशी ठरलेल्या क्रमाने लढायचं, आणि क्रम आपल्या गुरूने दिलेला. क्रम बदलायचा नाही. तेवढ्यावर आपलं एकमत होतं. भांडण होतं ते क्रम कोणाचा खरा, यावर.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ठाण्याहून ती व्हीसीडी आणली. जपानमधला म्हातारा गुरू तोच काता करतोय, आणि आपण दोघं तुझ्या घरी जमिनीवर मांडी घालून बघतोय. अकरावा ठोसा झाला. आता मास्तर डावीकडे दोन पावलं सरकत, मग पुढे जात आणि पुन्हा मधल्या रेषेवर येत. म्हातारा सरळ पुढे गेला. मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा सरळ. पाच वेळा बघितल्यावर मी म्हणालो, "गजा, आपला चुकतोय." तू रिमोट माझ्या हातातून घेतलास, टीव्ही बंद केलास आणि म्हणालास, "त्याचा चुकतोय."

मी महिनाभरात वळसा काढून टाकला. नव्याने शिकलो, माझ्या शाळेच्या पोरांना सरळ शिकवलं, फेडरेशनचा झालो. तू मास्तरांचाच राहिलास. मी तुला तावातावाने म्हणालो होतो, की त्या वळशाला अर्थ असेल तर लेखी दे. आठ दिवसांनी तू पाच पानं आणून दिलीस, लॅमिनेशन करून! त्यात समोरून भालाधारी शत्रू येतो, त्याच्या भाल्याची लांबी किती, डावीकडेच का सरकायचं, उजवीकडे सरकलं तर काळीज कसं उघडं पडतं, सगळं आकृत्यांसकट. ती पानं वाचून मला तुझी कीव आली होती गजा. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, बिचारा किती मनापासून विश्वास ठेवून बसलाय.

आणि मग ती जिल्ह्याची स्पर्धा. मानसी तेव्हा तेरा वर्षांची. तुझी पोरगी चटईवर उभी राहिली आणि मी पाच पंचांतल्या माझ्या खुर्चीत, हातात एक लाल निशाण, एक पांढरं. मानसी लाल पट्ट्यात होती, समोरची पोरगी पांढऱ्या. तिच्यासारखा काता त्या दिवशी दुसऱ्या कोणी केला नाही, हे मी तेव्हाही मान्य केलं असतं, कोणी विचारलं असतं तर. पण अकराव्या ठोशानंतर ती डावीकडे दोन पावलं सरकली. शिट्टी वाजली, निशाणं वर गेली. दोन लाल, तीन पांढरी. त्या तिनांतलं एक माझं.

पोरीने मला वाकून नमस्कार केला, शिकवल्यासारखा. तू मात्र बाहेर रसवंतीपाशी मला गाठलंस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोललास, "सुऱ्या, तू आज मानसीला न्हाय, मास्तरांना हरवलंस." त्यानंतर अकरा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मानकोली नाक्यावर समोरासमोर आलो तरी तू मोटारसायकलचा आरसा नीट करत बसायचास. त्या आरशात तुला इतकं काय दिसायचं कोण जाणे.

बोलायला लागलास तो माझ्या धाकट्या भावाच्या हळदीला. वहिनींना पाठवशील, स्वतः येणार नाहीस अशी माझी खात्री होती. तू आलास, डीजेसमोर त्या दुखऱ्या गुडघ्यावर तासभर नाचलास, मग वाढप्याच्या हातातून पळी काढून घेऊन थेट माझ्या पानापुढे आलास. "तुझा निकाल चुकीचा होता," म्हणालास आणि पळीभर मटण वाढलंस. "पण मटण चांगलं हाय." मी त्या मटणापुढे डोळे पुसत होतो आणि तिखट फार झालंय असं सगळ्यांना सांगत होतो.

आता ते, जे मी तुला कधी सांगितलं नाही.

हळदीनंतर चार-पाच महिन्यांनी शाळेच्या ड्रेसच्या कापडासाठी मी रशीदचाचांच्या पॉवरलूमच्या कारखान्यात गेलो होतो. म्हातारे झाले आहेत, पण लूमच्या खडखडाटात अजून आरामात चहा पितात. मी मास्तरांचा विद्यार्थी म्हटल्यावर त्यांनी मला हाताला धरून मागच्या शेडमध्ये नेलं. "अरे, तुम्हारे मास्टर की क्लास तो चार साल इधरच होती थी! शेड खाली था, मैं बोला लेके जा. बस बीच में एक लूम खडा था."

"लूम? क्लासच्या मध्ये?"

"क्या करता? मेरे भाई ने कोर्ट में डाला था, बेच नहीं सकता था, हटा नहीं सकता था. मास्टर बोले, रहने दो चाचा, हम बाजू से जाएंगे."

जमिनीत त्या लूमचे चार बोल्ट अजून आहेत, गजा. मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भिंतीपासून काता सुरू केला. चाचा चहा घेऊन बघत होते. अकरावा ठोसा झाला आणि माझ्या पुढच्या पायाचा अंगठा बोल्टला लागला. भालाधारी शत्रू नव्हता, काही नव्हतं. मास्तर चार वर्षं एका कोर्टात अडकलेल्या लूमला वळसा घालत होते, आणि व्हरांड्यात गेल्यावरही त्यांचे पाय घालत राहिले. हे सगळं तू यायच्याही आधीचं, असं मी धरून चाललो.

मी घरी येताना गाडीवर एकटाच हसत होतो. आता गजाला गाठतो, असं म्हणत होतो. काल्हेरपर्यंत पोचलो आणि तुझ्या दारावरून पुढे गेलो. कारण ती पाच पानं आठवली. लॅमिनेशन केलेली. ती तू प्रत्येक पोराच्या हातात देत होतास. तो भाला मी मोडला असता तर तुझ्याकडे काय राहिलं असतं? तुझं मन मोडेल, तू क्लास बंद करशील, अशी भीती वाटली. मग मी ती गोष्ट पोटात ठेवली. दोनदा भांडणात अगदी ओठांवर आली होती. गिळली. मला माझ्या मोठेपणाचं फार कौतुक वाटायचं.

ठाण्याच्या शिबिराला तर माझा कस लागला. जपानहून सेन्सेई आले होते आणि तू म्हणालास, "त्यांच्यासमोर करतो मी. होऊन जाऊ दे." मी तुला परोपरीने अडवलं. गुडघ्याचं कारण दिलं, वेळेचं दिलं, शेवटी हॉलची फरशी निसरडी आहे म्हणालो. तू ऐकतोस कुठला! सरळ जाऊन उभा राहिलास आणि सगळ्या हॉलसमोर तो काता केलास, लूमच्या वळशासकट. मी मान खाली घालून माझ्या पायाची बोटं मोजत होतो. म्हाताऱ्याने दुभाष्यामार्फत एवढंच विचारलं, हे कोणी शिकवलं? तू मास्तरांचं नाव सांगितलंस. त्यांनी मान हलवली, किंचित वाकले आणि पुढच्याला बोलावलं.

त्या मान हलवण्यावर आपण दोन वर्षं भांडलो. तू म्हणायचास पसंती होती, मी म्हणायचो सभ्यपणा होता. गेल्या महिन्यातसुद्धा तुझ्या क्लासच्या दारात उभे राहून आपण त्याच्यावरच घसरलो. गुडघ्यामुळे तू आता त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवायचास, शिट्टी गळ्यात. मी निघताना म्हणालो, "सभ्यपणा, गजा." तू खुर्चीतूनच ओरडलास, "पसंती, सुऱ्या!" चार दिवसांनी दुपारचं जेवून जरा आडवा झालास तो उठलाच नाहीस. आपल्यातलं शेवटचं वाक्य तुझंच ठरलं. सीनियर ना तू.

तेराव्याला किल्ली घेऊन मी निघणार, तेवढ्यात मानसी समोर आली. सतरा वर्षांची झाली रे. तुझंच नाक, तुझाच हट्टी जबडा. मी मनाशी जुळवाजुळव करत होतो, की हिला कसं सांगावं, बापाचं मन दुखवायचं नाही म्हणून मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. सुरुवात केली. "मानसी, तो जो वळसा आहे ना, त्याच्याबद्दल मला एक..."

"लूमचं का, काका?"

"तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"बाबा त्या शेडमध्येच शिकले ना पहिलं वर्ष," ती म्हणाली. "मला शिकवताना आईची शिलाई मशीन मधे ठेवायचे. बोलायचे, हा रशीदचाचाचा लूम, याला हात लावायचा न्हाय, कोर्टात हाय."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "रोज संध्याकाळी माझी मशीन मधोमध. शिवायला बसली का बोलायचे, थांब, पोरीचा काता होऊं दे. कवडी तरी ब्लाउजं शिवायची रायली माझी."

"आणि तो भाला?" मी विचारलं. "ती पाच पानं?"

"ती तुम्ही लेखी मागितली म्हणून बनवली. पेनाचं टोपण चावत बसलेले. आकृत्या मीच काढल्या," मानसी म्हणाली, आणि तुझी पोरगी तेराव्याच्या दिवशी तुझ्या फोटोसमोर खुदकन हसली. मग वहिनी हसल्या. मग मी जो हसत सुटलो तो भिंतीला धरून खालीच बसलो. ओसरीवरचे पाहुणे आत डोकावून गेले. त्यांना वाटलं असेल, दुःखाने डोकं फिरलं.

ते एक वर्ष! जन्मभर तू मला ते ऐकवत होतास, आणि त्यात काय होतं हे मी एकदाही विचारलं नाही. जपानच्या म्हाताऱ्यासमोर सरळ चेहऱ्याने त्या लूमला वळसा घालून आलास, आणि इकडे मी तुझी अब्रू वाचवायला फरशी निसरडी आहे म्हणून सांगत होतो.

हसू ओसरल्यावर मी मानसीला विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?"

ती म्हणाली, "मी बोलले होते, काकाला सांगूया, भांडण तरी मिटेल. बाबा बोलले, मग तो येईल कशाला?"

गजा, मीही त्याच भीतीने गप्प होतो रे. तुझं मन मोडेल वगैरे सगळं खरं, पण तुझ्या दारावरून गाडी पुढे नेली तेव्हा हेच मनात होतं, की हे सांगितलं तर आपल्याकडे भांडायला काय उरेल. आणि मानसीच्या त्या दिवसाचं काय? मी त्या पोरीची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबांनी तेव्हाच सांगितलेलं, काकाला जे खरं वाटलं तेच त्यानं केलं, म्हणून तर त्याच्याशी भांडतो." हे तू मला सांगितलं असतंस तर ते अकरा महिने तुझा आरसा तरी वाचला असता.

रविवारी सातला मी कुलूप उघडलं. चोवीसच्या चोवीस आली होती. मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कारखाना, कोर्ट, रशीदचाचा, लूम, भाल्याची पाच पानं. पोरं इतकी हसली की शेजारच्या गोडाऊनमधले हमाल दारात येऊन उभे राहिले. पहिल्या रांगेतल्या तन्वीने हात वर केला. सगळ्यांत लहान, आठ वर्षांची, बेल्टचं टोक गुडघ्याखाली लोंबतंय.

"सर, मग आता लूम कुठाय?"

मी भिंतीपाशी ठेवलेली तुझी लाल खुर्ची उचलली, पावलं मोजली आणि जिथे माझा अंगठा बोल्टला लागला असता तिथे ती नेऊन ठेवली. "हा," म्हटलं. पोरं उठून रांगेत उभी राहिली. मग एकेकाने काता केला. आधी मानसी. मग बाकीचे. तन्वीचा पाय वळताना तुझ्या खुर्चीला लागला, तर ती काता सोडून थांबली, खुर्चीला हात लावून तो छातीला लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी मी. इतकी वर्षं मी सरळ जातोय, पाय ऐकतील की नाही अशी धाकधूक होती. अकरावा ठोसा मारला आणि डावा पाय आपणहून निघाला.

परीक्षेचे चोवीस फॉर्म मी तिथेच बसून भरले. गुरुपरंपरेच्या रकान्यात लिहिलं: गजानन, त्यांच्याआधी मास्तर, त्यांच्याआधी बोटीवरचे साहेब, त्यांच्याआधी जपान. शेऱ्याच्या जागी लिहिलं: अकराव्या ठोशानंतर दोन पावलं डावीकडे, कारण लूम. खाली परीक्षक म्हणून माझी सही. फेडरेशनवाले चिडतील, कदाचित माझं कार्ड काढून घेतील. घेऊ देत. त्या निशाणाने माझा हात तसाही भरून यायचा. चष्मेवाला पुन्हा विचारेलच, जपान म्हणजे कोण. या खेपेला मी त्याला बसवून सगळी गोष्ट सांगणार आहे.

आणि ती मान हलवली ना म्हाताऱ्याने, तो सभ्यपणाच होता. यात मी मागे हटणार नाही.

क्लास सुटला. मी खुर्ची उचलून पुन्हा भिंतीपाशी ठेवली, खिडक्या लावल्या. तन्वीचे वडील घ्यायला यायचे होते म्हणून ती एकटीच मागे राहिली होती आणि रिकाम्या हॉलमध्ये काता करत होती. मी दारात किल्ली घेऊन थांबलो. अकरावा ठोसा झाला. ती डावीकडे सरकली आणि मधल्या मोकळ्या जागेच्या बाजूने पुढे गेली, तुला पाय लागणार नाही इतक्या अंतरावरून.